पेनड्राइव्ह फॉरमॅट मागतोय? जरा थांबा

पेनड्राइव्ह लावला की पडद्यावर एक छोटी खिडकी उघडते. हा ड्राइव्ह वापरायचा तर आधी फॉरमॅट करावा लागेल, करायचा का, असं ती विचारते. होकाराचं बटण समोरच असतं. सकाळी दहा वाजता मशीन सुरू करायचं असतं, गिऱ्हाईक पत्रिकेच्या प्रूफसाठी काउंटरवर उभं असतं किंवा शोधनिबंध जमा करायचा तो शेवटचा दिवस असतो. घाईत ते बटण दाबलं जातं आणि वाचू शकलं असतं तेही धोक्यात येतं.

क्लाउड आला, पेनड्राइव्हचे दिवस गेले, असं म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून फिरून यावं. कितीतरी व्हीएमसी, म्हणजे धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनना प्रोग्रॅम आजही पेनड्राइव्हनेच दिला जातो. इचलकरंजीत इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड बसवलेल्या मागांची डिझाइनं याच्यावरून जातात. लग्नाचं शूटिंग पार्टीच्या हातात पडतं ते पेनड्राइव्हमध्ये, डीटीपीवाल्याकडचं मॅटर छपाईला जातं ते पेनड्राइव्हमध्ये आणि गणपतीत मंडळाची गाणी वाजतात तीही त्याच्यावरूनच. त्यामुळे ‘भावा, पेनड्राइव्ह उघडंना बघ’ हे वाक्य या जिल्ह्यात रोज कुठे ना कुठे ऐकू येतं.

यावर पहिला प्रश्न एकच विचारायचा. आपल्याला पेनड्राइव्ह परत हवाय की त्यातला डेटा? आठ-सोळा जीबीचा पेनड्राइव्ह काही शे रुपयांत नवा मिळतो, आतलं मॅटर तसं मिळत नाही. दोन्हींचे रस्ते उलट दिशेला जातात. पेनड्राइव्ह ‘चालू’ करण्याचे उपाय, म्हणजे फॉरमॅट, पार्टिशन पुसून नवं करणं, इंटरनेटवर सुचवलेल्या रिपेअरच्या कमांड, हे सगळे त्यावर काहीतरी नवं लिहितात. डेटा वाचवायचा असेल तर त्यावर नवं काहीच लिहिलं जाता कामा नये. माझ्या मते दुरुस्तीच्या दुकानात जास्तीत जास्त नुकसान होतं ते हे न विचारल्यामुळे. गिऱ्हाईक ‘चालू करून द्या’ म्हणतं, दुकानदार चालू करून देतो आणि दोघांचंही बोलणं खरं असतं.

उद्यमनगरातला जुना मिस्त्री मशीन खोलण्याआधी फॉल्ट कुठे आहे ते बघतो. इथेही तेच करायचं. पेनड्राइव्हच्या पोटात मुख्य चिजा दोनच. एक मेमरी चिप, जिच्यात डेटा राहतो. दुसरी कंट्रोलर चिप, जी कॉम्प्युटरशी बोलते आणि मेमरीत कुठे काय ठेवलंय याचा हिशेब सांभाळते. शिवाय ५ व्होल्टचा पुरवठा चिपला लागेल तेवढा कमी करणारा एक लहानसा भाग, आणि साध्या पेनड्राइव्हच्या तोंडाशी चार पट्ट्या. या पट्ट्या नीट न्याहाळल्या तर दिसेल की कडेच्या दोन जरा लांब आहेत आणि मधल्या दोन आखूड. कडेच्या विजेच्या, मधल्या डेटाच्या. लावताना आधी वीज मिळावी आणि मग बोलणं सुरू व्हावं म्हणून ही रचना. या जोडणीचं नाव यूएसबी, आणि ती घडवणाऱ्यांत इंटेलमधले अजय भट्ट प्रमुख होते. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. यूएसबीचं पहिलं मानक १९९६ सालचं आणि पेनड्राइव्ह बाजारात आले ते २०००च्या सुमारास, तेव्हा ८ एमबीचे.

आता लक्षणं. लावल्यावर काहीच नाही, आवाज नाही, दिवा नाही, तर संशय विजेवर किंवा सांध्यावर. कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूच्या पोर्टला थेट लावा, हब आणि वायर मध्ये नको. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये वापरलेल्या पेनड्राइव्हच्या तोंडात लोखंडाची बारीक भुकटी आणि कूलंटचा चिकट थर बसलेला असतो. टॉर्च मारली की पट्ट्या सोनेरी दिसायच्याऐवजी काळपट दिसतात. मेडिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून गुंडाळलेल्या सुती कापडाने हलक्या हाताने पुसायचं, वाळू द्यायचं. पिन खरवडायला ब्लेड वापरू नका, वरचा पातळ मुलामा निघून जातो. पेनड्राइव्ह वाकला असेल आणि तिरका धरल्यावरच दिवा लागत असेल तर सोल्डर सुटलंय. तो पुन्हा पुन्हा वाकवून बघण्यापेक्षा मोबाइल दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराकडून टाका मारून घ्यावा. डेटा आत शाबूत असतो.

‘डिव्हाइस ओळखता आलं नाही’ असा निरोप आला तर वीज पोचते आहे, बोलणं बिघडलंय. दोष मधल्या दोन पट्ट्यांत किंवा कंट्रोलरमध्ये. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडलं की पुढचं कळतं. तिथे पेनड्राइव्हचं नाव दिसतं पण ‘नो मीडिया’ लिहिलेलं असतं किंवा आकार शून्य असतो, तेव्हा कंट्रोलर जागा आहे, पण त्याला मेमरी वाचता येत नाहीये. हे घरी सुटणारं दुखणं नाही.

आणि आकार बरोबर दिसतोय, पण शेजारी ‘रॉ’ लिहिलंय आणि कॉम्प्युटर फॉरमॅट मागतोय, ही अवस्था सगळ्यात जास्त आढळणारी आणि सगळ्यात आशेची. इथे बिघडलेली असते ती फाइलींची नोंदवही. तलाठ्याकडचा सातबारा भिजून गेला म्हणून शेत वाहून जात नाही, तसं हे आहे. फाइली जिथल्या तिथे आहेत, कोणती कुठून कुठवर याची नोंद तेवढी गेली. कॉपी चालू असताना पेनड्राइव्ह ओढून काढला किंवा ऐन वेळी लाइट गेली की हे होतं.

अशा वेळी आधी पेनड्राइव्हची जशीच्या तशी पूर्ण नक्कल, म्हणजे इमेज, दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावी आणि सगळे प्रयोग त्या नकलेवर करावेत. लिनक्सवर यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे. वाचता न येणारी जागा सोडून ते पुढे जातं आणि मग मागे येऊन तिथे पुन्हा प्रयत्न करतं. नंतर टेस्टडिस्क हा मोफत प्रोग्रॅम हरवलेली नोंदवही शोधून देऊ शकतो. ते जमलं नाही तर त्याचा जोडीदार फोटोरेक नोंदवहीकडे बघतच नाही. प्रत्येक जातीच्या फाइलीची सुरुवात ठरावीक खुणेने होते, त्या खुणा शोधत तो सगळी मेमरी चाळतो. फोटो आणि वर्डच्या फाइली चांगल्या निघतात, पण नावं आणि फोल्डर मिळत नाहीत. तुकड्यातुकड्यांत साठवलेले मोठे व्हिडिओ अर्धवट येतात. निघालेल्या फाइली त्याच पेनड्राइव्हवर कधीही सेव्ह करू नका.

फॉरमॅट होऊन गेला असेल तरी हात टेकायची घाई नको. ‘क्विक फॉरमॅट’वर टिक होती आणि नंतर काही भरलं नसेल तर बराच डेटा परत येतो. टिक काढून पूर्ण फॉरमॅट केला असेल तर मात्र विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या आवृत्त्या सबंध जागेवर शून्यं लिहितात. मग काही उरत नाही.

कॉलेजच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत जाऊन आलेल्या पेनड्राइव्हचं दुखणं पुष्कळदा वेगळंच असतं. फोल्डर गायब आणि जागी नुसते शॉर्टकट. हा व्हायरस फाइली पुसत नाही, लपवतो. त्या शॉर्टकटवर क्लिक न करता अँटिव्हायरस चालवा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या आणि सिस्टीमच्या फाइली दाखवण्याची सोय चालू करा. बहुतेक सगळं दिसू लागतं.

मशीनवर ‘चालत नाही’ म्हणून फेकलेले कितीतरी पेनड्राइव्ह तर बिघडलेलेच नसतात. जुने सीएनसी कंट्रोलर फक्त फॅट३२ पद्धतीचा पेनड्राइव्ह वाचतात. आज ६४ जीबीचा नवा घेतला तर तो बहुधा एक्सफॅटमध्ये येतो आणि विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२चा पर्याय सहसा दिसत नाही. मशीनसाठी लहान पेनड्राइव्ह वेगळा ठेवणं हाच सोपा इलाज. प्रोग्रॅमची फाइल असते केवढीशी!

कोल्हापुरात पुराचा विषय टाळता येत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या पुढे गेलं. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरच्या दुकानांत, प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या घरांत पाणी शिरलं की त्यात कॉम्प्युटरबरोबर ड्रॉवरमधले पेनड्राइव्हही जातात. पण पेनड्राइव्हमध्ये फिरणारं काही नसतं आणि मेमरीची चिप बंदिस्त असते. नुसत्या पाण्याने ती सहसा मरत नाही. तिला मारते ती ओली असताना दिलेली वीज, आणि मागे राहिलेल्या गाळाने हळूहळू चढणारा गंज. म्हणून चालतोय का बघायला लगेच लावू नका. टोपण, आवरण निघत असेल तर काढा, स्वच्छ पाण्याने गाळ धुऊन टाका, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा आणि पंख्याखाली एक-दोन दिवस ठेवा. कडक उन्हात नको, हेअर ड्रायर नको, तांदळाच्या डब्यात तर नकोच, त्याची पूड आत जाते. नंतर एकदाच लावा आणि उघडला तर आधी सगळं उतरवून घ्या.

मेमरीला आयुष्यही असतं. जपानच्या तोशिबात फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधलेल्या या फ्लॅश मेमरीत प्रत्येक पेशीत अडकवून ठेवलेला विद्युतभार म्हणजेच डेटा. पुसताना आणि लिहिताना पेशी झिजत जाते. आजच्या स्वस्त चिपमध्ये एकेका पेशीत तीन-तीन बिट कोंबलेले असतात, म्हणून भाराच्या आठ पातळ्या अचूक ओळखाव्या लागतात आणि झिजलेल्या पेशीत हा भार लवकर पाझरतो. लग्नाचं शूटिंग पेनड्राइव्हमध्ये घालून दहा वर्षं कपाटात ठेवणं म्हणूनच मला धोक्याचं वाटतं. अचानक ‘राइट प्रोटेक्टेड’ येऊ लागलं, आडवं बटण वगैरे काही नसताना, तर बऱ्याचदा कंट्रोलरने मेमरी संपत आल्याचं ओळखून लिहिणं बंद केलेलं असतं. हे कुलूप तोडायच्या मागे लागू नका. वाचता येतंय तोवर कॉपी करून घ्या.

काही शे रुपयांत दोन टीबीचा पेनड्राइव्ह मिळत असेल तर तो खोटा आहे. आतली चिप लहान असते आणि कंट्रोलरला खोटा आकार सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरली की पुढच्या फाइली नुसत्या नावाला दिसतात. त्या परत आणण्यासारखं काही नसतंच. नवा पेनड्राइव्ह आणला की एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने एकदा पूर्ण भरून तपासावा. वेळ जातो, पण खरा आकार कळतो.

कंट्रोलरच गेला असेल तर रिकव्हरी लॅबमध्ये मेमरीची चिप काढून वेगळ्या यंत्रावर वाचतात. तेही सरळ नसतं, कारण कंट्रोलर डेटा मिसळून, विखरून ठेवतो आणि ती मांडणी उलगडावी लागते. नखाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये तर सगळं एकाच ठोकळ्यात असल्यामुळे सूक्ष्म बिंदूंवर तारा जोडाव्या लागतात. खर्च पेनड्राइव्हच्या किमतीच्या कितीतरी पट येतो. देताना पावतीवर ‘डेटा हवा आहे, फॉरमॅट करू नये’ असं लिहून घ्या. तपासणीचे पैसे किती, डेटा निघाला नाही तर किती, आणि निघाला तर फाइलींची यादी पैसे देण्याआधी दाखवणार का, हे आधी विचारा. त्याआधी कोणकोणते उपाय करून झाले तेही न लपवता सांगा, म्हणजे त्यांना कुठून सुरुवात करायची ते ठरवता येईल.