घरगुती उपचार कोठवर करावेत? नखांकडेही लक्ष द्यावे

सर्दी, खोकला, जुलाब, थकवा यांवर आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या काही उपचार केले जातात. त्यांपैकी अनेक उपचार साध्या आजारात खरोखर आराम देतात. परंतु आजार साधा नसेल, तर घरी थांबण्यात गेलेला वेळ रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. घरी थांबावे की दवाखान्यात जावे, हे ठरविताना इतर लक्षणांबरोबर हाताची नखेही पाहावीत.

नखे कशी पाहावीत?

नखे दिवसाच्या उजेडात पाहावीत. नखपॉलिश काढून टाकावे. मेंदीमुळेही खरा रंग झाकला जातो. हात गार असल्यास आधी उबदार करून घ्यावेत. निरोगी व्यक्तीच्या नखाखालील भाग फिकट गुलाबी दिसतो. शंका आल्यास खालच्या पापणीची आतील बाजू व तळहातही पाहावेत.

खोकला व सर्दी

कोमट पाणी पिणे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करणे आणि एक वर्षावरील मुलांना थोडा मध चाटविणे, हे उपाय करता येतात. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. उकळत्या पाण्याचे भांडे मुलांजवळ ठेवून वाफ देऊ नये. त्याने भाजण्याचा धोका असतो.

खोकल्याच्या रुग्णाची नखे, ओठ किंवा जीभ निळसर दिसल्यास शरीराला प्राणवायू कमी पडत असण्याची शक्यता असते. अशा वेळी काढा करीत बसू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास घेताना बाळाच्या छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर नखांचा रंग बदलण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात न्यावे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास भरल्यास त्याच दिवशी, विलंब न करता आरोग्य केंद्रात दाखवावे.

जुलाब

जलसंजीवनीचे (ओआरएस) पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावे आणि ते पाणी 24 तासांच्या आत वापरावे. उरलेले टाकून द्यावे. बाळाचे स्तनपान चालू ठेवावे. मोठ्या मुलांना पेज, वरण-भात असा नेहमीचा हलका आहार द्यावा. झिंकच्या गोळ्या आशाताई किंवा परिचारिका यांच्या सल्ल्याने 14 दिवस द्याव्यात. जुलाब थांबले तरी त्या मध्येच बंद करू नयेत.

मूल मलूल झाले, त्याचे हातपाय गार पडले, तर त्याचे नख हलके दाबून सोडावे. पांढरा पडलेला भाग साधारणपणे दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होतो. त्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. मूल सुस्त असेल किंवा पाणी पीत नसेल, तर नख कसेही दिसत असले तरी थांबू नये.

थकवा व फिकटपणा

नखे फिकट, ठिसूळ किंवा चमच्यासारखी खोलगट झाली असतील, तर रक्तक्षयाची शंका घ्यावी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये व खजूर आहारात असावेत. परंतु झालेला रक्तक्षय केवळ बीट किंवा गूळ खाऊन भरून येईलच असे नाही. हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी. लोहाच्या गोळ्या लिंबू किंवा आवळ्यासोबत घ्याव्यात. जेवणाच्या व गोळीच्या वेळी चहा टाळावा. शौचाचा रंग काळसर झाल्यास घाबरून गोळ्या बंद करू नयेत. गर्भवती स्त्रीने दिलेल्या गोळ्यांत खंड पडू देऊ नये.

नखुरडे

नखाच्या कडेला सूज आल्यास दिवसातून तीन-चार वेळा बोट कोमट पाण्यात बुडवून शेकावे. सुईने टोचू नये, चुना लावू नये. पू झाल्यास, ताप आल्यास किंवा मधुमेह असल्यास डॉक्टरांना दाखवावे.

काही गैरसमज

नखांवरील पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियमची कमतरता, असा समज आहे. ते बहुधा नखाला लागलेल्या लहानशा मारामुळे उमटतात. वाढत्या वयात नखांवर उभ्या रेषा येणेही सामान्य आहे. मात्र बोटांची टोके फुगीर होऊन नखे गोलाकार वळू लागल्यास, किंवा एकाच नखावर नवी काळी रेषा येऊन ती रुंदावत असल्यास तपासणी अवश्य करावी.

हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. म्हणून उपचार सुरू झाल्यावर नखाचे रूप पालटण्यास काही महिने लागतात. तोवर औषध सोडू नये.

नखे केवळ सावध करतात. आजाराचे निदान तपासणीनेच होते. नखे गुलाबी आहेत, एवढ्यावरून आजार नाही असेही मानू नये. शंका असल्यास आपल्या आशाताईंना विचारावे, किंवा जवळच्या उपकेंद्रात अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.