मणक्यात स्क्रू टाकण्याआधी: दुखतंय कंबरेत की पायात?

(ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी नेहमीप्रमाणे लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

मागच्या आठवड्यात साताऱ्याहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांच्या आईंचं वय ५८. दोन वर्षं कंबर दुखतेय. एमआरआय काढला, आणि डॉक्टर म्हणाले, गादी झिजलीय, दोन मणके स्क्रूने जोडून टाकू. ताईंनी विचारलंय, "करू की नको?"

आता मी काही डॉक्टर नाही, आणि तो रिपोर्टही मी पाहिलेला नाही. त्यामुळे हो-नाही माझ्याकडून मिळणार नाही. पण गेल्या तीन वर्षांत घरात दोन कंबरा बघितल्या, एक माझी आणि एक मामांची. त्या निमित्ताने बरंच वाचलं, दोन-तीन सर्जनांशी बोललो. त्यातून हाती आलेला एक प्रश्न ताईंना द्यायचाय. डॉक्टरांना विचारा: हे ऑपरेशन नक्की कोणत्या दुखण्यासाठी आहे, कंबरेच्या की पायाच्या?

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते सांगतो. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, बाहेरून चिवट, आत मऊ. तिच्या मागच्या बाजूला नसा असतात. मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या भागातच संपतो, त्याखाली सुट्ट्या नसांचा झुपका लोंबतो, घोड्याच्या शेपटीसारखा. बाहेरचं कवच फाटून आतला मऊ भाग नसेवर आला की पायात वीज चमकल्यासारखी कळ जाते. तीच सायटिका. गादीचा आणि पायाच्या कळेचा हा संबंध १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी नीट मांडला, आणि तिथून गादीच्या ऑपरेशनांना जोर आला. म्हणजे बघा, ज्या शोधामुळे ही ऑपरेशनं वाढली तो मुळात पायदुखीचा होता.

दबलेली नस मोकळी करणं सर्जनला छान जमतं. दिसतं कुठे दाबलंय, तिथलं काढायचं. नुसती कंबर दुखते तेव्हा मात्र दुखणं गादीतून येतंय, सांध्यातून येतंय की स्नायूंतून, हे खात्रीने सांगणं फार अवघड. आणि जागाच पक्की नसेल तर दुरुस्ती कशाची करणार?

इथे लोक म्हणतात, "अहो, एमआरआयमध्ये दिसतंय की!" दिसतं, पण ज्यांचं काहीच दुखत नाही त्यांच्यातही दिसतं. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचा एमआरआय काढला. निम्म्याहून अधिक लोकांची किमान एक गादी फुगलेली निघाली. २०१५ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तर काही त्रास नसलेल्या विशीतल्या लोकांतही ३७ टक्क्यांमध्ये गादी झिजल्याच्या खुणा होत्या, आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांमध्ये. केस पिकतात तशी गादी झिजते. रिपोर्टमधली ती लांबलचक इंग्रजी वाक्यं वाचून अर्धं घर घाबरतं, त्यात आमचंही होतं.

माझं सांगतो. पाण्याचा जार उचलताना कंबरेत काहीतरी 'कट' झालं, आणि दोन दिवसांनी डाव्या पायात कळ सुरू, कुल्ल्यापासून पोटरीच्या बाहेरून थेट अंगठ्यापर्यंत. शिंकायची भीती वाटायची. एका डॉक्टरांनी त्याच आठवड्यातली तारीख दिली. दुसऱ्यांनी अंगठा वर उचलायला लावला, टाचांवर चालायला लावलं आणि म्हणाले, "ताकद शाबूत आहे. सहा आठवडे थांबून बघा, कळ सोसवेना तर या, मग करू." औषधं घेतली, जमेल तेवढं चाललो, नवव्या आठवड्यात कळ उतरली. बाहेर आलेला तुकडा पुष्कळदा शरीरच हळूहळू शोषून घेतं, हे मला तेव्हा कळलं.

पण यावरून 'ऑपरेशन नकोच' असं ऐकू नका. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांवर अभ्यास झाला, २००७ मध्ये छापून आला. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांना थांबवलं. वर्षाअखेरीस दोन्हीकडचे सुमारे ९५ टक्के लोक बरे होते, पण ऑपरेशनवाले बरेच आधी बरे झाले. आणि थांबवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे इथे तुम्ही विकत घेता तो मुख्यतः वेळ. रोजंदारीवरच्या माणसाला दोन महिने घरी बसणं परवडत नाही, त्याने लवकर करून घेतलं तर त्यात चूक काय?

मामांची गोष्ट उलटी. वय ७१. मंडईपर्यंत चालताना तीनदा बसायचे, पाय भरून यायचे, जड व्हायचे. बसले की पाच मिनिटांत ठीक. गंमत म्हणजे सायकल तासभर आरामात चालवायचे! ही खूण पक्की लक्षात ठेवा. वयाने नसांची वाट अरुंद होते, ताठ उभं राहिलं की आणखी आवळते, पुढे वाकलं की मोकळी होते. सायकलवर आपण वाकलेलेच असतो.

मामा चार वर्षं टाळत राहिले. "अरे, मणक्याला हात लावला की माणूस उठत नाही. आमच्या गल्लीतलेच दोघं..." ही भीती आपल्याकडे घराघरात आहे. मी म्हटलं, "मामा, तुम्ही आत्ता तरी कुठे उठताय?" रागावले, पण आले. त्यांच्या नसांवरचं हाड आणि जाड झालेला पडदा काढून जागा मोकळी केली. स्क्रू नाही. आम्हीच विचारलं होतं, स्क्रू लागतीलच का? कारण २०१६ साली स्वीडनमधल्या २४७ रुग्णांच्या अभ्यासात नुसती जागा मोकळी करणं आणि सोबत मणके जोडणं, या दोन्हींचा दोन वर्षांनंतरचा निकाल सारखाच आला होता. डॉक्टर म्हणाले, "यांचा मणका हलत नाहीये, गरज नाही." आज मामा मंडईत जाऊन येतात, न बसता. सकाळी कंबर मात्र अजून धरते. त्याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती, म्हणून तक्रार नाही.

आता स्क्रूंचं. स्क्रू आणि सळ्या फक्त धरून ठेवतात, खरं काम हाडाला हाड जुळण्याचं, त्याला महिने लागतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ते जुळायला त्रास होतो. जुळलं की तेवढा सांधा कायमचा बंद, आणि भार वरच्या-खालच्या सांध्यांवर. फ्रॅक्चरने मणका अस्थिर झालाय, मणका पुढे सरकून हलतोय, कणा फार वाकडा झालाय किंवा गाठीने हाड खाल्लंय, तिथे मणके जोडणं मोलाचं आहे. पण नुसत्या जुनाट कंबरदुखीसाठी? ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांत मणके जोडणं आणि कसून व्यायाम-पुनर्वसन यांची तुलना झाली, २००५ मध्ये. ऑपरेशन ठळकपणे सरस ठरलं नाही. २०१६ पासून तिथल्या 'नाइस' संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं तर सांगतात की नुसत्या कंबरदुखीसाठी, संशोधनाचा भाग असल्याशिवाय, मणके जोडायचं ऑपरेशन सुचवू नका.

थांबायचं नाही अशाही वेळा आहेत. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला, दोन्ही पायांतलं बळ उतरू लागलं, पाऊल लोंबायला लागलं, तर सकाळची वाट न बघता, रात्रीच हॉस्पिटल गाठा. आणि कंबरदुखीसोबत बारीक ताप, वजन घटणं, रात्री झोपमोड करणारं दुखणं असेल तर आपल्याकडे मणक्याचा टीबी डोक्यात ठेवावाच लागतो. तो बहुतेकदा औषधांनीच बरा होतो. पायाची ताकद जायला लागली, पू साठून नसांवर दाब आला किंवा मणका कोसळत असेल, तर ऑपरेशन.

तर ताई, आईंना घेऊन घराबाहेर चक्कर मारा. कुठे थांबावंसं वाटतं, आणि थांबवतं कोण, कंबर की पाय? पुढे वाकलं, बसलं की बरं वाटतं का? टाचांवर चालता येतं का? वहीत लिहा आणि एमआरआयच्या पाकिटासोबत ती वही दुसऱ्या डॉक्टरांपुढे ठेवा. काय म्हणाले ते मला परत व्हॉइस मेसेज करून कळवा.