होमिओपथीच्या गोळीत धातू असतो किती?

सोने, चांदी, तांबे, जस्त, पारा, शिसे. होमिओपथीच्या औषधपेटीत हे धातू ऑरम, अर्जेंटम, क्युप्रम, झिंकम, मर्क्युरिअस, प्लंबम अशा लॅटिन नावांनी वावरतात. गोळीत धातू प्रत्यक्षात किती, हे मात्र नावापुढील आकडा आणि अक्षर सांगतात; आणि रुग्ण नेमके तेच वाचत नाहीत.

शुद्ध धातू पाण्यात विरघळत नाही. म्हणून या पद्धतीचे जनक सॅम्युअल हानेमान (१७५५-१८४३) यांनी तो दुग्धशर्करेबरोबर दीर्घकाळ खलण्याची रीत घालून दिली. 'सी' श्रेणीत एक भाग धातूस नव्याण्णव भाग शर्करा, तर 'एक्स' श्रेणीत नऊ भाग. त्या मिश्रणाचा एक भाग घेऊन पुन्हा तीच कृती. तीन 'सी' पायऱ्यांनंतर पुढील विरलन पाणी व मद्यार्कात, जोरदार झटके देत होते. गणिताने पाहता १२सीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक कणही उरण्याची शक्यता नगण्य ठरते.

या गणिताला मुंबईतून एक अनपेक्षित पुरवणी मिळाली. पवईच्या आयआयटीतील संशोधकांना बाजारातील ३०सी व २००सी औषधांतही सोने, तांबे, कथील आदी सहा धातूंचे अतिसूक्ष्म कण आढळले. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. झटके देताना उठणाऱ्या बुडबुड्यांबरोबर कण वर येऊन पुढील पायरीत जात असावेत, असे त्यांचे स्पष्टीकरण. परंतु कण सापडणे म्हणजे गुण येणे नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेला २०१५ च्या आढाव्यात एकाही विकारावर होमिओपथीच्या परिणामकारकतेचा विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही.

खरी काळजी आहे ती खालच्या पोटेन्सींची. सोमल, म्हणजेच आर्सेनिकम आल्बम, ३एक्स असेल, तर पाव ग्रॅमच्या गोळीत सुमारे १९० मायक्रोग्रॅम आर्सेनिक भरते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे मर्यादेवरील १९ लिटर पाण्यातील आर्सेनिक त्या एका गोळीत! तीच गोळी ३०सी असती, तर ही चिंता उरली नसती. 'होमिओपथीला दुष्परिणाम नाहीत' हे वाक्य दोन्ही बाटल्यांना सारखेच लावले जाते.

अमेरिकेत २००९ मध्ये असाच प्रकार उघडकीस आला. होमिओपथिक म्हणून विकल्या जाणाऱ्या, सर्दीवर नाकात लावायच्या जस्तयुक्त जेलमुळे वास येईनासा झाल्याच्या १३० हून अधिक तक्रारी तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या. त्या औषधातील जस्त अत्यंत खालच्या 'एक्स' पायरीचे होते. प्रशासनाने इशारा दिल्यावर ते बाजारातून मागे घेण्यात आले.