उन्हाचा भूगोल : अजिंठा घाटाच्या वर आणि खाली

अजिंठा गाव घाटमाथ्यावर आहे आणि फर्दापूर घाटाच्या पायथ्याशी. दोन्ही गावे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलीच. तरी मे महिन्यातल्या दुपारी घाट उतरणाऱ्याला झळा वाढत चालल्याचे अंगावर जाणवते. सिल्लोड तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे, की उष्णतेची लाट घाटावर आणि घाटाखाली एकदमच येते का?

घाटाखालचा प्रदेश म्हणजे खानदेश, तापीचे खोरे. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याची रांग, यांच्यामध्ये ते सापडले आहे. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटरवर, तर संभाजीनगर साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर. कोरडी हवा खाली उतरताना दाबली जाते आणि दर शंभर मीटरला जवळजवळ एक अंशाने तापते. मेमधल्या दुपारी ही हवा जमिनीपासून बऱ्याच उंचीपर्यंत घुसळून निघालेली असते, त्यामुळे केवळ उंचीच्या हिशेबानेच तीन अंशांचा फरक पडतो. संभाजीनगरचे मेचे सरासरी कमाल तापमान चाळिशीच्या आसपास राहते, जळगावचे बेचाळीसच्या पुढे जाते.

आता उष्णतेच्या लाटेचा निकष लावून पाहावा. मैदानी ठिकाणी पारा किमान ४० अंशांवर आणि सरासरीहून किमान साडेचार अंश वर गेला, की भारतीय हवामान विभाग त्याला उष्णतेची लाट मानतो. पारा ४५ला पोचला, तर सरासरी पाहिली जात नाही. समजा, एखाद्या दिवशी दोन्ही शहरांत ४४.५ अंशांची नोंद झाली. संभाजीनगरात ती लाट ठरेल, जळगावात ठरणार नाही. तिथे तो मेमधला एक कडक दिवस एवढेच. म्हणजे वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर असे, की ऊन खाली जास्त असते, पण लाटेची पाटी आधी वर लागू शकते.

यात विसंगती वाटली, तरी माणसाच्या दृष्टीने निकष बरोबर आहे. शरीर एक-दोन आठवड्यांत उन्हाला सरावते. घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. धोका असतो तो न सरावलेल्या शरीराला. म्हणूनच किनाऱ्यावर उंबरठा ३७ अंशांचा आणि डोंगराळ भागात ३०चा ठेवलेला आहे. १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदीत ५१ अंशांची नोंद झाली, आणि १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघरच्या मैदानावर जाहीर कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा जवळच्या केंद्रावरचा पारा ३८च्या आसपासच होता. केवळ आकड्यांची उतरंड लावून देशाच्या उन्हाचा नकाशा काढता येत नाही.

खानदेशातल्या रावेर-यावलच्या केळीला मात्र सरासरीशी काही देणेघेणे नाही. तिची पाने रुंद आणि मुळे उथळ. उष्ण वारा सुटला, की पाने फाटतात, करपतात, घड सटकतात. म्हणून बागायतदार बागेच्या कडेने शेवरीसारखी झाडे लावून वारा अडवतात. केळीसाठी ठरावीक अंशांचा उंबरठाच खरा, आणि तिच्यासाठी वेगळा इशारा असायला हवा.

दुसरी अडचण सीमांची. हवामान विभागाने महाराष्ट्राचे चार उपविभाग केले आहेत. त्यांत जळगाव येते मध्य महाराष्ट्रात, म्हणजे थेट महाबळेश्वरच्या शेजारी. फर्दापूर भूगोलाने तापीच्या खोऱ्यातले, तिथली वाघूर नदीही उत्तरेला तापीकडेच जाते. पण जिल्ह्यामुळे त्याची गणना मराठवाड्यात होते. घाटाची कड हीच इथली उन्हाची खरी सीमा आहे, आणि उपविभागांच्या नकाशात ती दिसत नाही.

याच कडेत, वाघूरच्या नालाकृती वळणावर, अजिंठ्याची लेणी आहेत. ती ज्या बेसॉल्टमध्ये कोरली आहेत, त्यातून उष्णता फार सावकाश आत जाते. अर्ध्या मीटरच्या खोलीवर दिवसा-रात्रीचा चढउतार जवळपास संपलेला असतो. दहा मीटरवर उन्हाळा-हिवाळ्याचा फरकही नाममात्र उरतो आणि खडक वर्षाच्या सरासरी तापमानाशी स्थिरावतो. दालनात दारातून गरम हवा येतेच, तरी मागच्या भिंती दिवसाच्या उन्हाला फारशी दाद देत नाहीत. बाहेरच्या पायवाटेवर उलटे घडते. उघडा काळा कातळ दुपारी हवेहून कितीतरी जास्त तापतो आणि सूर्य मावळल्यावरही धग सोडत राहतो. वेधशाळेचा तापमापक या दोन्हींपासून वेगळा, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, सावलीत असतो. त्यामुळे संभाजीनगरच्या चिकलठाणा वेधशाळेतल्या ४१ अंशांवरून अजिंठा लेण्यांतली दुपार ठरवणाऱ्या पर्यटकाने उंचीचा फरक त्यात मिळवावा, कातळाची धग वेगळी धरावी आणि पायवाटेवरची चढ-उतार सकाळीच उरकावी.