मातीने दिलेले औषध जपून वापरा

मृगाचा पहिला पाऊस पडला की मातीला सुवास सुटतो. हा वास मुख्यतः तिच्यात राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसीस नावाच्या जीवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन या रसायनाचा असतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की मातीतील बारीक किडे या वासाने ओढले जातात, ते जीवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला चिकटवून दुसरीकडे नेतात.

शेतकरी बंधुभगिनींनो, ज्यांच्या वासाने आपल्याला पेरणीची आठवण होते, त्याच कुळातील जीवाणूंनी मनुष्याला क्षयरोगावरील पहिले प्रभावी प्रतिजैविक दिले. १९४३ साली अमेरिकेत सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याने शेणखत घातलेल्या शेतातील मातीतून स्ट्रेप्टोमायसीन मिळवले.

आपल्याकडेही असे घडले आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील शास्त्रज्ञ डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतील जीवाणूपासून हॅमायसीन हे बुरशीनाशक औषध शोधले. त्याचा अहवाल १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्या जीवाणूला गावाचेच नाव मिळाले : स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. पुढे त्याच कारखान्यातून ऑरिओफंजिन हे पिकांच्या बुरशीवरील औषधही निघाले.

माती औषध का तयार करते?

चिमूटभर सुपीक मातीत कोट्यवधी जीव राहतात. अन्न थोडे आणि खाणारे फार. म्हणून काही जीवाणू शेजाऱ्याला रोखणारी रसायने सोडतात. तीच आपली प्रतिजैविके. परंतु जेथे शस्त्र आहे तेथे ढालही असणारच. कॅनडाच्या उत्तरेकडील सुमारे ३०,००० वर्षे गोठून राहिलेल्या मातीत औषधाला न जुमानण्याचे गुण असलेली जनुके सापडली, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ही ढाल मनुष्याच्या औषधांहून फार जुनी आहे. आपण औषध वारेमाप वापरले की साधे जीवाणू मरतात, ढालवाले उरतात व वाढतात. शिवाय ते हा गुण वेगळ्या जातीच्या जीवाणूंनाही देऊ शकतात. शेतातील जीवाणूची ढाल अशा रीतीने रोगजंतूच्या हाती लागू शकते. लक्षात ठेवा, औषधाची सवय आपल्या शरीराला नव्हे, जंतूंना होते. २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट अशा जंतूंमुळे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

म्हणूनच लिंबाच्या खैऱ्यावर आणि भाताच्या करप्यावर फवारले जाणारे स्ट्रेप्टोमायसीन व टेट्रासायक्लिनचे मिश्रण सरकारने बंद केले. डिसेंबर २०२१ च्या आदेशाप्रमाणे १ जानेवारी २०२४ पासून शेतीत त्याचा वापर पूर्णपणे निषिद्ध आहे. कोलिस्टिन हे माणसाच्या अखेरच्या उपचाराचे औषध कोंबड्या व जनावरांना देण्यावर जुलै २०१९ मध्येच बंदी आली.

नव्या औषधांचा शोधही मातीतच चालू आहे. मातीतील बहुसंख्य जीवाणू प्रयोगशाळेत वाढत नाहीत. तेव्हा त्यांना मातीतच वाढवण्याची युक्ती काढून अमेरिकेतील संशोधकांनी टेक्सोबॅक्टिन मिळवले. ते २०१५ साली जाहीर झाले. २०२५ साली कॅनडात एका घराच्या परसातील मातीतून लॅरिओसिडिन मिळाले. मात्र अशा शोधापासून दवाखान्यातील गोळीपर्यंत अनेक वर्षे जातात. तोवर हाती असलेली औषधे टिकवली पाहिजेत.

आपण काय करावे?

१. सर्दी-पडशासारख्या विषाणूंच्या आजारात प्रतिजैविक काम करीत नाही. दुकानातून स्वतः विकत घेऊ नये. आपल्या साकेतनगरात एम्ससारखे मोठे रुग्णालय आहे, डॉक्टरांना विचारावे. क्षयाचे औषध बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये.

२. म्हशीला कासदाह झाल्यास पशुवैद्याकडून औषध घ्यावे. वेष्टणावर सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत ते दूध घरी वापरू नये व विकूही नये.

३. घेतलेल्या औषधाचा बराच भाग जनावराच्या शेणामुतातून बाहेर पडतो. म्हणून ताजे शेण शेतात न टाकता चांगले कुजवूनच टाकावे. त्याने औषधाचा अंश पुष्कळ कमी होतो, पूर्णपणे जातोच असे नाही.

४. लिंबाच्या रोगट फांद्या छाटून नष्ट कराव्यात. ताम्रयुक्त फवारणीविषयी कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

५. गव्हाची नरवाई जाळू नये. त्या आगीत वरच्या थरातील उपकारक जीव होरपळतात. भोपाळमध्येच १९८८ पासून भारतीय मृदा विज्ञान संस्था आहे. मातीविषयी शंका असल्यास तेथील तज्ज्ञांचा लाभ घ्यावा.

आपल्या पायाखालची माती हे धान्याचे कोठार आहे तसे औषधांचेही आहे. कोठारातील बी सुगीत उधळले तर पेरणीला हात रिकामे राहतात. औषधांचेही तसेच आहे.