चिकटपट्टीवांचून मिटणारें खोकें

कोल्हापुरी गुळाची कीर्ति आम्हीं नव्यानें सांगावी असें नाहीं. १८९५ सालीं राजर्षि शाहू छत्रपतींनीं शाहूपुरीची पेठ वसविली आणि या गुळाच्या व्यापारास हक्काची जागा मिळाली. २०१४ सालीं 'कोल्हापुरी गूळ' या नांवास भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु मानांकन गुळास असतें, खोक्यास नव्हे. चुलवाणापाशीं जागून काढलेला उत्तम गूळ गिऱ्हाइकाच्या हातीं पडतांना खोक्याचा तळ उघडलेला असेल, तर त्यास गुऱ्हाळांतले कष्ट दिसत नाहींत; फुटका रवा व त्यास चिकटलेली धूळ तेवढी दिसते. जोंवर तीस किलोचा रवा हाच व्यापाराचा मुख्य माल होता, तोंवर हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. आतां दहा, पांच व एक किलोच्या रव्यांसही मागणी आहे, आणि पुष्कळ शेतकरी आपल्या नांवानें माल थेट गिऱ्हाइकास धाडूं लागले आहेत. सबब खोकें हाही शेतकऱ्यानें समजून घेण्याचा विषय झाला आहे. त्यांतील एकाच प्रकाराविषयीं, म्हणजे चिकटपट्टी, डिंक किंवा तारेची पिन यांवांचून स्वतःच्या घडीनें मिटणाऱ्या खोक्याविषयीं, आज लिहिण्याचें योजिलें आहे.

या विषयाकडे आम्ही वळलों तें नुकसान सोसून. दोन वर्षांमागें हंगामाच्या आरंभीं, परतीचा पाऊस पुरता सरला नसतां, आम्हीं घरचा गूळ एक-एक किलोच्या खोक्यांत भरून परगांवीं धाडिला. खोकीं बाजारांत मिळतात तशीं साधीं होतीं. तळ व झाकण दोन्ही चिकटपट्टीनें बंद केलीं होतीं. साठ खोक्यांपैकीं चौदांचे तळ वाटेंतच सुटले. व्यापाऱ्यानें तेवढ्या मालाचे पैसे कापून घेतले, आणि तें रास्तच होतें. चूक शोधूं गेलों तों ती आमचीच निघाली. खोकीं आम्हीं गुऱ्हाळाच्या पडवींत भरलीं होतीं. तेथें चिपाडाची भुकटी व राख हवेंत असतेच. ती पुठ्ठ्यावर बसली, आणि पट्टी पुठ्ठ्यास न चिकटतां राखेस चिकटली. त्यांत दमट हवेची भर पडली. तेव्हां ध्यानांत आलें कीं, ज्या खोक्याची सारी मदार एका पट्टीच्या चिकटपणावर आहे, तें खोकें गुऱ्हाळाच्या कामाचें नव्हे.

आतां घडीनें मिटणें ही कांहीं विलायती विद्या नव्हे. वाण्याची पुडी पाहा. चौकोनी कागदांत साखर घालून तो कडा दुमडतो, आणि शेवटलें टोंक आधींच्या घडींत खोंचतो. डिंक नाहीं, दोरा नाहीं. तरी पुडी घरापर्यंत सुटत नाहीं. कारण आंतली साखर बाहेर येऊं पाहते तेव्हां ती कागदास रेटते, आणि त्या रेट्यानें खोंचलेलें टोंक अधिकच आवळलें जातें. उलट पानाचा विडा घ्या. त्याच्या घडीस स्वतःची पकड नसते, म्हणून लवंग टोंचावी लागते. चिकटपट्टी ही खोक्याची लवंग होय. पुडीचें तत्त्व थोडक्यांत सांगावयाचें तर असें: माल ज्या दिशेनें रेटतो, त्या रेट्यानें घडी आवळली पाहिजे, उघडतां कामा नये. पुढें जें सांगावयाचें आहे, तें सारें या एका वाक्याचा विस्तार आहे.

ज्या पुठ्ठ्याचीं हीं खोकीं होतात, त्याचा पूर्वेतिहासही सांगण्याजोगा आहे. १८५६ सालीं इंग्लंडांत हीली व ॲलन या दोघांनीं पन्हळ्या पाडलेल्या कागदाचें पेटंट घेतलें, तें उंच टोप्यांस आंतून अस्तर लावण्यासाठीं. १८७१ सालीं न्यूयॉर्कच्या आल्बर्ट जोन्सनें तसा कागद बाटल्या व कांचसामान गुंडाळण्यास योजिला, आणि १८७४ सालीं ऑलिव्हर लाँगनें पन्हळीस सपाट कागद जोडून तिला बळकटी आणिली. घडीच्या खोक्याचा शोध मात्र एका चुकींतून लागला. रॉबर्ट गेअर हा कागदी पिशव्या करीत असे. १८७९ सालीं त्याच्या कारखान्यांत घडी पाडणारी धातूची पट्टी जागची सरकली, आणि पिशव्यांवर घडी पडण्याऐवजीं त्या कापल्या गेल्या. माल वायां गेला. परंतु गेअरच्या मनांत आलें कीं, एकाच सांच्यांत कांहीं पट्ट्या कापणाऱ्या व कांहीं घडी पाडणाऱ्या बसविल्या, तर एका दाबांत सबंध खोकें तयार होईल. आजही सांचा याच रीतीनें बनतो: लांकडी फळींत पोलादी पट्ट्या बसवितात, धारेच्या पट्ट्या कापतात, बोथट पट्ट्या घडी पाडतात. असा कापलेला पुठ्ठा सपाट गठ्ठ्यानें शेतकऱ्याकडे येतो, व माल भरतेवेळीं तो हातानें उभा करावयाचा असतो.

खोकें आंखण्यापूर्वीं पुठ्ठ्याचा स्वभाव जाणला पाहिजे. साधा पन्हळी पुठ्ठा तीन थरांचा: दोन सपाट कागद व मध्यें पन्हळ. घरावरच्या पन्हळी पत्र्याप्रमाणें तो एका दिशेनें ताठ व दुसऱ्या दिशेनें लवचिक असतो. ज्या भिंतींत पन्हळ्या उभ्या असतात ती वरचा भार चांगला सोसते. आडव्या पन्हळ्यांची भिंत लवकर दबते. दुसरी गोष्ट जाडीची. कागदाची घडी घालतांना जाडीचा विचार कोणी करीत नाहीं. पुठ्ठ्याच्या घडींत तो न केल्यास खोकें मिटतच नाहीं. एक पदर दुसऱ्याच्या आंत बसवावयाचा, तर आंतल्यासाठीं त्याच्या जाडीइतकी जागा प्रत्येक बाजूस सोडावी लागते. नवशिक्याचीं बहुतेक खोकीं याच हिशेबांत चुकतात.

मिटण्याच्या मुख्य रीति चार आहेत. खोक्याचा जो भाग दुमडून आंत घालावयाचा, त्यास येथें पाकळी म्हणूं.

पहिली रीति खोंचण्याची. झाकणाच्या पुढल्या कडेची पाकळी पुढल्या भिंतीच्या आंत खोंचतात. हलक्या मालास ती पुरते. परंतु आंतून धक्का बसल्यास पाकळी सटकूं शकते.

दुसरी रीति खाच-जिभेची. जिभेचें टोंक रुंद व मान अरुंद ठेवावी. खाच मानेहून थोडी मोठी, पण टोंकाहून लहान पाडावी. टोंकाच्या कडा किंचित् दुमडून जीभ आंत घालावी. आंत गेल्यावर कडा पसरतात, आणि जीभ आपोआप परत येत नाहीं. झाकणास ही रीति पहिलीच्या जोडीनें वापरावी.

तिसरी रीति दुहेरी भिंतीची. ती सर्वांत भरंवशाची. डावी व उजवी भिंत दुप्पट उंच ठेवून वरून पुन्हां आंत वळवितात. पुढल्या व मागल्या भिंतींच्या टोंकांस असलेल्या पाकळ्या या दोन पदरांमध्यें धरल्या जातात. आंतल्या पदराच्या खालच्या कडेस दोन दांत असतात, ते तळाच्या खाचांत बसतात. येथें तळ अखंड असल्यामुळें तो सुटण्याचा प्रश्नच राहत नाहीं. रवा आंतल्या पदरास बाहेर रेटतो, आणि त्या रेट्यानें मधल्या पाकळ्या अधिकच आवळल्या जातात. वाण्याच्या पुडीचें तत्त्व तें हेंच.

चौथी रीति तळ गुंफण्याची. चार पाकळ्या एकमेकींत अडकवून तळ बनवितात. उभा राहतो झटकन. परंतु जड माल घातला असतां मध्यें झोळतो, आणि खोक्याचा उभा जोड कारखान्यांत डिंकानेंच सांधावा लागतो. गुळासाठीं ती आम्ही सुचवीत नाहीं.

महसूल खात्यांत वर्षें गेल्यानें आम्हांस एक संवय जडली आहे: आधीं जागेवर जाऊन मोजणी, मग नकाशा. खोक्याचेंही तसेंच आहे. पुष्कळ जण तयार खोकें विकत घेऊन त्यांत माल कोंबतात. वस्तुतः आधीं रवा मोजावा व मग पुठ्ठा आंखावा. तिसऱ्या रीतीच्या खोक्याचा एक हिशेब मांडून दाखवितों.

समजा, आंतल्या वेष्टनासह एक किलोचा रवा १२० मिलिमीटर लांब, १२० रुंद व ८० उंच भरला. लांबी-रुंदींत चार व उंचींत दोन मिलिमीटर सैल ठेविलें, म्हणजे आंतली मोकळी जागा १२४, १२४ व ८२ झाली. पुठ्ठा ३ मिलिमीटर जाडीचा आहे. डाव्या व उजव्या अंगास बाहेरच्या भिंतीच्या आंत मधली पाकळी व आंतला पदर येतात. त्यांची जाडी एका बाजूस ६, दोन्ही बाजूंस १२. म्हणून बाहेरच्या दोन भिंतींमधील अंतर १३६ पाहिजे. घडी पुठ्ठ्याच्या जाडीच्या मध्यावर वळते, यास्तव रेघेपासून रेघेपर्यंत आणखी एक जाडी धरून १३९ आंखावें. पुढें व मागें भिंत एकेरी, तेथें १२४ व ३ मिळून १२७ आंखावें. उंचीस त्याच न्यायानें ८५. भिंत जेथें वरून आंत वळते, तेथें एका रेघेनें भागत नाहीं. मधल्या पाकळीस जागा राहावी म्हणून ६ मिलिमीटर अंतरानें दोन रेघा पाडाव्या. आंतल्या पदराची उंची दांत सोडून ८२ व लांबी १२२ ठेवावी. लांबी पुरी १२४ ठेविल्यास तो कोंपऱ्यांत अडकतो. मधल्या पाकळ्या ६० लांब असाव्या, म्हणजे समोरासमोरच्या दोन पाकळ्या एकमेकींवर चढत नाहींत. दांत पुठ्ठ्याच्या जाडीएवढाच लांब असावा. अधिक झाल्यास तो तळाखालीं येतो व खोकें डुगडुगतें. खाच जाडीहून किंचित् रुंद असावी. झाकणाची पाकळी दोन आंतल्या पदरांमध्यें जावयाची, म्हणून ती १२१ रुंद व गोल कोंपऱ्यांची करावी. शेवटीं, पन्हळ्या डावीकडून उजवीकडे जातील असा पुठ्ठा धरावा. मग दुहेरी भिंतींतील पन्हळ्या उभ्या राहतात आणि वरच्या थरांचा भार त्या भिंती घेतात.

सांचा करण्यास देण्यापूर्वीं जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर हें माप आंखून एक नमुना घरींच करावा. फूटपट्टी, धारेचा चाकू व चमच्याचा दांडा एवढें साहित्य पुरे. दांड्यानें रेघ दाबून मगच घडी घालावी, म्हणजे घडी वांकडी जात नाहीं. नमुन्यांत खराच रवा घालावा. खोकें उलटें करून हलवावें. कमरेइतक्या उंचीवरून एकदां तळावर, एकदां कडेवर व एकदां कोंपऱ्यावर टाकून पाहावें. गाडींत जितके थर येतात तितका भार त्यावर रात्रभर ठेवावा. झाकणाची वीस वेळां उघडमीट करावी. खाचेचें टोंक चिरूं लागल्यास तें गोल कापावें. नमुन्याची चूक रद्दीच्या मोलानें सुधारते. सांच्यांतली चूक प्रत्येक खोक्यांत उमटते.

या खोक्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. चिकटपट्टी नाहीं म्हणून त्यास पाऊस चालतो असें नव्हे. पुठ्ठ्याचे थर बहुधा पिष्टाच्या खळीनें जोडलेले असतात, आणि कागद दमट हवेंत ओलावा ओढून मऊ पडतो. गूळ तर स्वतःच ओलावा ओढणारा. घडीच्या फटींतून हवा जाते. म्हणून रवा आधीं ओल न शिरणाऱ्या वेष्टनांत गुंडाळलाच पाहिजे, आणि खोकीं वखारींत जमिनीवर न ठेवतां फळ्यांवर रचलीं पाहिजेत. दुसरें असें कीं, घडीनें मिटणारें खोकें वाटेंत कोणीं उघडून पुन्हां मिटल्यास खूण राहत नाहीं. ज्यांस ती शंका असेल त्यांनीं फाडल्यावांचून निघणार नाहीं अशी जीभ करून घ्यावी. तिसरें, दहा किलो व त्यापुढील रव्यांस केवळ घडीवर विसंबूं नये. वरून पट्टा किंवा सुतळी आवळावी.

आतां खर्चाचें. दुहेरी भिंतीमुळें पुठ्ठा अधिक लागतो आणि सांच्याचा खर्च प्रथमच करावा लागतो. उलट पट्टी व ती लावण्याची मजुरी वांचते, खोकें राखेच्या हातांनींही मिटतें, आणि रिकामें झाल्यावर त्याची रद्दी प्लास्टिक न मिसळतां पुन्हां कागदाच्या लगद्यास जाते. तथापि शे-दोनशें खोक्यांसाठीं एकट्यानें सांचा करणें परवडत नाहीं, हें आम्ही स्पष्ट सांगतों. यास उपाय एकच. एका गांवच्या गुऱ्हाळवाल्यांनीं मिळून रव्याचें एक माप ठरवावें, त्या मापाचा खोक्याचा सांचा सामाईक करावा, आणि छपाई ज्यानें त्यानें आपल्या नांवाची घ्यावी. रव्याचा सांचा व खोक्याचा सांचा हे एकाच बैठकींत ठरले पाहिजेत. एक आधीं व दुसरा मागाहून केल्यास त्यांचा मेळ बसत नाहीं.

आमचीं चौदा खोकीं सुटलीं, त्याचें मोल आम्हीं भरलें. यंदाच्या हंगामापूर्वीं वाचकांनीं एक संध्याकाळ, एक जुनें खोकें व एक रवा घेऊन बसावें, म्हणजे तें मोल त्यांस भरावें लागणार नाहीं.