देवगाव फाट्यावर भेटलेला ब्योमकेश

परवा देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघत चहा घेत होतो. शेजारच्या पोराच्या मोबाईलवर ओळखीचा आवाज आला. रजित कपूर! दूरदर्शनचा ‘ब्योमकेश बक्शी’. एसटी आली, गेली, आम्ही तिथेच.

बासू चटर्जींची ही मालिका १९९३ मध्ये आली. पुढचं पर्व थेट १९९७ मध्ये. तेवढ्यावरच संपली, पण आजही मनातून उतरत नाही.

मूळ कथा शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या, १९३२ पासूनच्या. म्हणून काळ जुन्या कलकत्त्याचा. धोतर नेसलेला हा माणूस स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही. त्याचा शब्द ‘सत्यान्वेषी’, म्हणजे सत्य शोधणारा. मारामारी जवळपास नाहीच. समोरच्याचं बोलणं तो नीट ऐकतो. मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

आणि सत्यवती? आपल्या सुकन्या कुलकर्णी! खुनाच्या संशयात अडकलेल्या भावासाठी धडपडणारी ही मुलगी पुढे ब्योमकेशची बायको होते. लग्न झालेला, संसारात रमलेला गुप्तहेर! शेरलॉक होम्सच्या नशिबी हे नव्हतं.

नव्याने बघणाऱ्यांनी ‘सत्यान्वेषी’ या भागापासून सुरुवात करावी. काही विचारायचं असेल तर खाली लिहा, जमेल तसं सांगतो.